पिंजऱ्यात ओपन गार्ड: लढतीआधीची तयारी

एमएमएमध्ये, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकडी सगळं चालणाऱ्या पिंजऱ्यातल्या लढतीत, पाठ टेकली म्हणजे हार, असं कुठल्याही नियमात नाही. तरीही आपल्याकडची तालमीत घडलेली मुलं पडता पडता पोटावर वळतात. कुस्तीत ते बरोबरच आहे, तिथे पाठ लागली की निकाल लागला. पिंजऱ्यात मात्र पोटावर वळलेल्याच्या पाठीवर समोरचा स्वार होतो, दोन्ही पायांचे आकडे आत घालतो आणि गळ्याखालून हात सरकवतो. म्हणून लढत ठरली की तयारीत सगळ्यात आधी पडणं घ्या. एका कुल्ल्यावर पडायचं, तोंड प्रतिस्पर्ध्याकडे, त्याच्या आणि आपल्या मध्ये एक नडगी, एक हात चेहऱ्यासमोर. जोडीदाराने एकेरी पट काढून पाडायचं, तुम्ही या बैठकीत यायचं आणि मागचा हात टेकून लगेच उठायचं. अंग ताजं असताना रोज करा आणि सराव संपताना, दम लागलेला असताना, पुन्हा करा. लढतीत कामी येतं ते दुसरं.

मग गार्डची छाटणी. गार्ड म्हणजे खाली पडून किंवा बसून पायांनी समोरच्याला आवरणं; पाय त्याच्या कमरेभोवती न बांधता मोकळे ठेवले की ते ओपन गार्ड. स्पायडर आणि लॅसो हे प्रकार गीच्या, म्हणजे जुजुत्सूच्या जाड कापडी पोशाखाच्या, बाहीवर जगतात, ते बाजूला ठेवा. दे ला रिव्हाचा पायाचा आकडा (त्याच्या पायामागे बाहेरून अडकवलेला आपला पाय) उघड्या अंगावरही बसतो, पण बाही हातात नसल्यामुळे समोरच्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. तोल बिघडवून उठण्यापुरता तो वापरा, त्यात रेंगाळू नका. ठेवायचं ते बटरफ्लाय (बसून, पायांचे आकडे त्याच्या मांड्यांखाली), अंडरहुक (त्याच्या काखेखालून घातलेला हात) घेतलेला हाफ गार्ड (त्याचा एक पाय आपल्या दोन पायांत अडकवलेला), शिन-टू-शिन (नडगीला नडगी), तिथून सिंगल लेग एक्स (त्याच्या एका पायाला खालून दोन्ही पायांचा विळखा) आणि उभ्या माणसाच्या कमरेवर पाय रोवून धरलेलं अंतर. एवढं पुरे. गीशिवाय बटरफ्लाय आणि एक्स गार्ड कसे चालतात हे पाहायचं तर मार्सेलो गार्सियाच्या एडीसीसी या ग्रॅपलिंगच्या (ठोशांविना, नुसत्या पकडींच्या) स्पर्धेतल्या लढती पाहा, चार वेळा विजेता आहे तो. मात्र त्याने एमएमएची एकच लढत खेळली, २००७मध्ये, आणि ती हरला. ग्रॅपलिंगमधलं सर्वोत्तम गार्डसुद्धा ठोशांसाठी वेगळं घडवावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो अंतराला. ओपन गार्डमध्ये सुरक्षित जागा दोनच. एक म्हणजे इतकं दूर की त्याची मूठ पोचत नाही: तळपाय त्याच्या कमरेवर किंवा दंडांवर, गुडघे आपल्या छातीकडे, कंबर जमिनीवरून सुटलेली. दुसरी म्हणजे इतकं जवळ की हात मागे घ्यायला त्याला जागाच नाही: छातीला छाती, अंडरहुक, कपाळ त्याच्या हनुवटीखाली. या दोन्हींच्या मधलं अंतर म्हणजे त्याच्या ठोशाचं अंतर, आणि शुद्ध हरपते ती तिथेच. म्हणून जोडीदाराला उभं करून नुसता हा प्रवास घोटा. दूरवरून एका झटक्यात जवळ, जवळून पाय लावून दूर, आणि जाताना त्याचं एक तरी मनगट हातात. मनगट सुटलं असेल तर अंतर बदलायचं नाही.

रायन हॉल या एमएमए लढवय्याच्या दोन लढती शेजारी शेजारी ठेवून पाहा. डिसेंबर २०१८मध्ये त्याने बी. जे. पेनच्या पायांवर लोळत जाऊन पहिल्याच राऊंडमध्ये हील हुक (टाच पिळून गुडघ्यावर ताण देणारी पकड) लावला. जुलै २०२१मध्ये इलिया टोपुरियासमोर तेच प्रयत्न फसले. टोपुरियाने पाय सोडवून घेतले आणि पहिल्याच राऊंडमध्ये जमिनीवरच ठोसे मारून लढत संपवली. पाय पकडायला गेलेले हात चेहरा झाकू शकत नाहीत. लेग लॉक (हील हुकसारखी पाय पिरगळणारी पकड) तुमच्या यादीत असेल तर तो फसल्यावर पुढच्या क्षणी काय, हेही तितक्याच वेळा घोटलेलं असू द्या.

खरं तर पिंजऱ्यात ओपन गार्डची गरज बहुतेक वेळा ठोसा खाऊन पडल्यावर लागते. जून २०१०मध्ये फेडोर एमेलियानेन्कोने फॅब्रिसिओ वेर्दुमला पाडलं आणि तो अंगावर झेपावला. वेर्दुमचे पाय आधीच तयार होते, ट्रँगल (मान आणि एक हात पायांच्या कात्रीत आवळणं) बसला आणि ६९ सेकंदांत फेडोर हरला. मे २०२२मध्ये जस्टिन गेथजीने चार्ल्स ऑलिव्हेराला पाडलं, पण तो त्याच्या गार्डमध्ये शिरलाच नाही. ऑलिव्हेराला उठू दिलं गेलं, सावरायला वेळ मिळाला आणि त्याच राऊंडमध्ये त्याने गेथजीला गळा आवळून हरवलं. मला गार्डचं हे काम सर्वांत मोलाचं वाटतं. तेव्हा डोकं गरगरत असताना पाय आपोआप वर यायला हवेत. त्यासाठी डोक्यावर मार खाण्याची गरज नाही: जागेवर गोल गोल फिरून घ्या, मग जोडीदाराने ढकलून पाडावं आणि तुम्ही पाय लावावेत.

पडून मारायची लाथ वेगळी शिका, कारण तिथे नियम आडवा येतो. समोरचा तळपायांवर उभा असेल तर खालून डोक्यावर लाथ चालते. त्याचा एक गुडघा जरी मॅटला लागला तरी डोक्यावर चालत नाही, अंगावर चालते. जानेवारी २००६मध्ये अँडरसन सिल्वा गुडघे टेकलेल्या युशिन ओकामीच्या डोक्यावर अशीच लाथ मारून बाद ठरला, आणि त्या लाथेने ओकामी पुरता हलला होता. सवय अशी लावा: आधी त्याचे गुडघे पाहायचे, मग लाथ.

सरावात लढतीचेच ग्लोव्ह्ज घाला, नुसत्या हातांनी शिकलेल्या पकडी पॅडिंगमुळे अडकतात. समोरच्याच्या ग्लोव्हच्या आत बोटं घालणं, त्याची शॉर्ट्स धरणं, जाळी पकडणं हे सगळं फाउल आहे, त्यामुळे मनगट, कोपराच्या वर आणि मानेमागे एवढ्याच पकडी अंगवळणी पाडा. घाम आल्यावर त्याही निसटतात. म्हणून स्वीप (खालून उलटवून वर येणं) आणि सबमिशन (हार मानायला लावणारी पकड) यांची भिस्त पहिल्या राऊंडवर ठेवा, पुढच्या राऊंडमध्ये मुख्य काम उठणं. आणि निम्मा सराव डोकं भिंतीला टेकवून करा. जाळीला दाबल्यावर मागे सरकायला जागा उरत नाही, मोकळ्या मॅटवर सुरेख चालणारं बटरफ्लाय तिथे चिमटून जातं. तिथे एका कुल्ल्यावर वळून, पाठ जाळीला घासत वर चढायचं.

जोडीदार असा हवा जो चेहऱ्यावर मारील, पण हात आवरून. सुरुवात उघड्या पंजाच्या थापटीने, नंतर हलके ठोसे. थापटी लागतेय तिथे लढतीत ठोसा लागणार, हे कळायला तेवढं पुरतं. कुणाचं डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टर. यात तडजोड नाही.

गुणांच्या भरवशावर खाली राहू नका. युनिफाइड नियमांत, म्हणजे एमएमएच्या सामायिक नियमावलीत, परिणामकारक मारा आणि परिणामकारक ग्रॅपलिंग आधी मोजतात, नुसती जागा नाही. तरी खालून केलेल्या कामाचा परिणाम परीक्षकांना दिसणं अवघड असतं. कोपऱ्यातल्या माणसाला सांगून ठेवा की खाली पडून पंधरा-वीस सेकंदांत काही घडलं नाही तर त्याने फक्त ‘ऊठ’ ओरडावं. बाकीच्या सूचना त्या गोंगाटात ऐकू येत नाहीत.

आदल्या दिवशीच्या नियमांच्या बैठकीत प्रश्न विचारायला संकोच करू नका. १ नोव्हेंबर २०२४पासून युनिफाइड नियमांत नुसता हात टेकलेला माणूस ‘जमिनीवर’ धरला जात नाही, आणि वरून सरळ खाली येणारं कोपरही वैध झालं आहे. पण प्रत्येक ठिकाणी हे नवे नियम लागू असतीलच असं नाही, आणि हौशी लढतींमध्ये कोपर आणि हील हुक बऱ्याचदा बंदच असतात. खालून लाथ कधी चालते, हील हुक चालतो का, कोपर चालतं का, टेकलेल्या हाताचा अर्थ काय, ही चार उत्तरं रेफरीच्या तोंडून घ्या आणि त्याच रात्री कोपऱ्यातल्या माणसाला लिहून द्या.