मश्रूम, कांदा आणि चणे: खमंग भाजीसाठी पाण्याचं गणित

मसाला पुरेसा, मीठ बरोबर, तरी भाजी सपक लागते. अशा वेळी आपण आणखी मसाला घालतो, पण दोष बहुतेकदा पाण्याचा असतो. कढईत सुटं पाणी आहे तोवर भाजीचं तापमान 100 अंशांपुढे फारसं जात नाही, आणि जिन्नस झपाट्याने तांबूस होऊन खमंग वास सुटायला साधारण 140 अंश लागतात. कांद्यात सुमारे 89 टक्के, मश्रूममध्ये 92 टक्के, टोमॅटोत 94 टक्के पाणी असतं. तिन्ही एकदम टाकले की ते एकमेकांच्या पाण्यात उकडतात. म्हणून या कृतीत आधी एकेकाचं पाणी आटवायचं आणि रस्सा शेवटी करायचा.

चौघांसाठी 150 ग्रॅम काबुली चणे, 400 ग्रॅम बटण मश्रूम, 500 ग्रॅम कांदे, 400 ग्रॅम पिकलेले टोमॅटो, लसणाच्या 6 पाकळ्या, 4 मोठे चमचे तेल, अर्धा छोटा चमचा मिरपूड, अर्धं लिंबू आणि मीठ घ्या. भांडं पसरट, जाड बुडाचं, स्टीलचं हवं. नॉनस्टिकला तळाशी खरपूस थर धरत नाही, आणि साध्या लोखंडी कढईत टोमॅटोच्या आंबटपणाने भाजी काळपट होते, लोखंडाची चवही उतरते.

चणे 8 ते 10 तास भिजवा. ते पाणी टाकून 600 मिली ताजं पाणी आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून कुकरला लावा. चणा चिमटीत सहज चेपला गेला पाहिजे. जुने चणे जास्त वेळ घेतात. त्यांना आधीच पूर्ण मऊ करा, कारण टोमॅटोच्या आंबटात पडल्यावर अर्धकच्चा चणा कितीही उकळला तरी लवकर मऊ होत नाही. शिजवलेलं पाणी ठेवून द्या, रस्सा त्याचाच करायचा आहे.

मश्रूम धुवायला हरकत नाही, फक्त भिजत ठेवू नका, आणि लगेच पुसून घ्या. बोटाच्या जाडीच्या अर्ध्या इतक्या फोडी करा. पातळ काप आटून चिवट होतात. भांडं मध्यम आचेवर तापवून निम्म्या फोडी तेल न घालता एका थरात पसरा. तीन-चार मिनिटांत पाणी सुटून भांड्यात तळं साचतं. मश्रूम बिघडले असं वाटण्याचा क्षण हाच, पण काहीही करू नका, पाणी आटू द्या. आधी चुर्र, मग खळखळ, मग पुन्हा चुर्र असा आवाज बदलला की पाणी गेलं. आता एक छोटा चमचा तेल आणि चिमूटभर मीठ घाला, दोन-तीन मिनिटं न हलवता एक बाजू तांबूस होऊ द्या, मग उलटा. उरलेल्या फोडींचंही असंच करून सगळं बाजूला काढा. मश्रूम जास्त शिजतील ही भीती नको. त्यांच्या पेशींच्या भिंतीत कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो आणि तो उष्णतेने विरघळत नाही, त्यामुळे मश्रूम भाज्यांसारखे गाळ होत नाहीत.

त्याच भांड्यात, न धुता, उरलेलं तेल आणि उभा, 3 ते 4 मिलिमीटर जाड चिरलेला कांदा घाला. अर्धा छोटा चमचा मीठ घालून मध्यम आचेवर 8 मिनिटं झाका. मिठाने आणि वाफेने पाणी पटकन सुटतं, कांदा मऊ पडतो. मग झाकण काढा आणि 25 ते 30 मिनिटं परता. ‘पाच मिनिटांत कांदा तांबूस’ असं जिथे लिहिलेलं असतं तिथे कांदा कडेने करपलेला आणि आत कच्चाच राहतो. या मात्रेला वेळ लागतोच. तळाशी तपकिरी थर चिकटला की दोन चमचे पाणी टाकून उलथण्याने खरवडा. तो थर विरघळून कांद्याला लागतो. असं तीन-चार वेळा करा. सगळी चव तिथेच साठते. थर काळा पडून उग्र वास आला तर मात्र खरवडू नका. वरचा चांगला कांदा दुसऱ्या भांड्यात घ्या, कारण कडवटपणा नंतर कशानेच जात नाही. वेळ वाचवायला कांद्यात खायचा सोडा घालतात. या मात्रेला चिमूटभराने रंग लवकर येतो, त्याहून जास्त पडला तर कांद्याचा लगदा होतो आणि साबणासारखी चव लागते.

कांदा खजुराच्या रंगाचा झाला की ठेचलेला लसूण घालून एकच मिनिट परता. त्यावर बारीक चिरलेले टोमॅटो आणि मिरपूड घाला. कडेने तेल सुटेपर्यंत, साधारण 12 ते 15 मिनिटं, आटवा. उलथणं फिरवल्यावर मागे राहिलेली वाट लगेच भरून येत नसेल तर झालं.

टोमॅटोत ग्लुटामेट हा चव भरीव करणारा नैसर्गिक घटक भरपूर असतो. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शैवालातून हाच घटक वेगळा काढला आणि त्याच्या चवीला, जी गोड, आंबट, खारट, कडू यांहून वेगळी असते, उमामी म्हटलं. वाळवलेल्या शिताके या जातीच्या मश्रूममधल्या ग्वानिलेट या दुसऱ्या चवदार घटकासोबत ही चव कित्येक पटींनी वाढते. मिळत असतील तर 10 ग्रॅम शिताके 100 मिली गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. पाणी गाळून रश्श्यात घाला, मश्रूम चिरून त्यातच घाला.

आता चणे, मश्रूम आणि 250 मिली चण्याचं पाणी घाला. शिताकेचं पाणी वापरलं तर हे 150 मिलीच घ्या. मूठभर चणे चेपून टाकले की रस्सा मिळून येतो. मंद आचेवर 10 मिनिटं ठेवा. चव याच वेळी घ्या, पण चमचाभर रस्सा बशीत निववून. खूप गरम असताना खारटपणा नीट कळत नाही आणि मीठ जास्त पडतं. तसं झालंच तर बटाटा घालून ते शोषलं जात नाही, साधं पाणी आणि मीठ न घातलेले चणे वाढवा. मीठ बरोबर असूनही चव बसकी वाटली तर आच बंद करून लिंबू पिळा, आधी एक छोटा चमचा रस, मग चाखून आणखी.