हळदीतलं कर्क्युमिन आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी: प्रयोगातल्या या चुका टाळा

नागपुरात एमएस्सी किंवा पीएचडीसाठी कर्क्युमिन घेऊन ए549 या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवर काम करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ही पेशीओळ (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी) 1972 मध्ये एका 58 वर्षांच्या रुग्णाच्या फुप्फुसातल्या गाठीपासून तयार झाली.

पहिली चूक कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी कर्क्युमिन न देता ठेवलेल्या पेशींची. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ हा द्रावक वापरतो. 10 मिलिमोलर स्टॉकमधून (दाट मूळ द्रावणातून) 20 मायक्रोमोलर डोस केला, तर वेलमध्ये (पेशी वाढवायच्या प्लेटमधल्या खळग्यात) 0.2 टक्के डीएमएसओ जातं. कंट्रोलमध्येही नेमकं तेवढंच घाला. नुसतं मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) घालून तुलना केली, तर पेशी कशाने मेल्या हे सांगताच येणार नाही.

एमटीटीवर, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजायच्या चाचणीवर, डोळे झाकून भरवसा ठेवू नका. वनस्पतीतली अनेक पॉलिफिनॉल्स पेशींशिवायही एमटीटीचं फॉर्मझॅन (एरवी जिवंत पेशी बनवतात तो जांभळा रंग) करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. पेशी नसलेल्या काही वेल्समध्ये फक्त कर्क्युमिन आणि एमटीटी घालून रीडिंग घ्या, किंवा एमटीटीआधी वेल्स धुऊन घ्या. फ्लोसायटोमेट्रीत (एकेक पेशी तिच्या चमकेवरून मोजण्यात) तर आणखी जपा: कर्क्युमिन स्वतःच हिरवं चमकतं, त्यामुळे ॲनेक्झिन-एफआयटीसी या मरणाऱ्या पेशी दाखवणाऱ्या हिरव्या रंगाचा सिग्नल खोटा वाढतो. रंग न लावलेला, पण कर्क्युमिन दिलेला नमुना सोबत हवाच.

डोस चढवल्यावर प्लेट मायक्रोस्कोपखाली बघा. पिवळे स्फटिक तळाशी बसलेले दिसले, तर लिहिलेली मात्रा पेशींपर्यंत पोचलेलीच नाही. शिवाय सिरमविना (मीडियममध्ये घालतात त्या रक्तद्रवाविना) 7.4 पीएचला कर्क्युमिन तासाभरातच बहुतांश विघटित होतं, म्हणून सिरम किती घातलं हे नोंदवा. स्टॉक उजेडात ठेवू नका.

मे महिन्यात आपल्याकडच्या कोरड्या हवेत इन्क्युबेटरचा पाण्याचा ट्रे रोज तपासा. 96 वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या वेल्स आधी सुकतात. तिथे फक्त बफर भरा.

एकच कॅन्सर पेशीओळ वापरून "निवडक परिणाम" (फक्त कॅन्सरच्या पेशींवरच परिणाम) लिहू नका. बीईएएस-2बीसारख्या कॅन्सर नसलेल्या फुप्फुसपेशी सोबत घ्या.

सगळ्यात जास्त मला खटकतो तो निष्कर्षातला दावा. प्लेटमध्ये आपण मायक्रोमोलरमध्ये मोजतो, पण हळद तोंडावाटे ग्रॅमने घेतली तरी रक्तात मुक्त कर्क्युमिन नॅनोमोलरच्या आसपासच सापडतं. त्यामुळे तुमचा आलेख दाखवून कुणी रुग्णाच्या घरच्यांना "केमो सोडा, हळद घ्या" सांगत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. रुग्ण कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेत असेल, तर ते त्याच्या कॅन्सरतज्ज्ञाला माहीत असलंच पाहिजे.