जुनं कोल्हापूर पायी दाखवायचं, तेही सगळ्यांना मिसळीपर्यंत एकत्र ठेवून

‘एका दिवसात कोल्हापूर’ नावाचा जो सल्ला सगळीकडे फिरत असतो, तो आधी डोक्यातून काढा. सकाळी अंबाबाई, मग न्यू पॅलेस, दुपारी पन्हाळा, सूर्यास्ताला रंकाळा. ही झाली गाडीची सहल. पाहुणे दमतात, फोटो भरपूर निघतात आणि रात्री विचारलं तर कुणाला काही सांगता येत नाही. पायी दाखवायचं असेल तर बिंदू चौक ते खासबागेचं कुस्ती मैदान एवढाच पट्टा धरा. अंतर दोन किलोमीटरच्या आतलं, पण थांबत थांबत गेलं तर अडीच तास आरामात जातात. टाउन हॉल आणि दसरा चौकातली शाहू महाराजांच्या काळातली बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, वेगळ्या सकाळसाठी ठेवा.

माणसं आठ, फार तर दहा. वेळ सकाळी साडेसहा. मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र टाळा. उशिरा येणाऱ्यासाठी कुणी थांबायचं नाही, त्याने थेट भवानी मंडपात गाठायचं. हे आदल्या रात्री ग्रुपवर लिहून टाका, म्हणजे सकाळी वाद नाही.

सुरुवात बिंदू चौकातून. इथे दोन गोष्टी पुरतात. एक, जुन्या तटबंदीचा उरलेला बुरूज, म्हणजे गाव कुठपर्यंत होतं ते हाताने दाखवता येतं. दुसरी, बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. तो महात्मा फुल्यांच्या पुतळ्याबरोबर 9 डिसेंबर 1950 रोजी बसवला गेला, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. हे वाक्य सांगा आणि गप्प राहा. लोक पुतळ्याकडे पुन्हा एकदा बघतात, त्यांना तेवढा वेळ द्या.

भवानी मंडपात नगारखान्याच्या कमानीखालून आत जा. जुना राजवाडा, तुळजाभवानीचं देऊळ, दसऱ्याला इथून निघणारी पालखी. दहा मिनिटं बास.

आता अंबाबाईचं देऊळ. माझी पहिली फेरी इथेच फुटली. चौदा जण होते. भवानी मंडपातून जवळ म्हणून पूर्वेच्या दरवाजाने आत शिरलो, चपला तिथेच ठेवल्या. देवळाबद्दल बोलत बोलत पश्चिमेला महाद्वारातून बाहेर पडलो. पुढच्या क्षणी सगळे माझ्या तोंडाकडे आणि मी सगळ्यांच्या पायांकडे. चपला देवळाच्या त्या अंगाला, आम्ही या अंगाला, एप्रिलचा महिना, नऊ वाजून गेलेले आणि फरशी तापलेली. त्यात दोघी ‘अगं, आलो आम्ही दोन मिनिटांत’ म्हणून दर्शनाच्या रांगेत घुसल्या होत्या. (कोल्हापूरच्या पोरी ‘आले’ नाही, ‘आलो’ म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसले तर हसू द्यात.) त्या दोन मिनिटांचा सव्वा तास झाला. फोन कुणी उचलेना. एक जण चपला आणायला गेला तो नारळाच्या दुकानाशी रमला. मिसळीला पोचलो तेव्हा आम्ही पाच उरलो होतो आणि कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

त्यानंतर मी तीन नियम केले. ते आता मोडत नाही, पाहुणा कितीही जवळचा असो.

दर्शन आणि फेरी एकत्र नाही. ज्याला दर्शन घ्यायचंय त्याने पहाटे लवकर येऊन, ते उरकून साडेसहाला बिंदू चौकात हजर व्हायचं, नाहीतर मिसळीनंतर जायचं. ‘कोल्हापुरात येऊन देवीला न भेटता कसं जायचं’ असं कुणीतरी म्हणणारच. भेटा की! पण आमच्या वेळात नको. देवीच्या दारात माणसाला नको म्हणणं जड जातं, म्हणून हे आदल्या रात्रीच सांगायचं.

ज्या दाराने आत, त्याच दाराने बाहेर. आणि ते दार महाद्वारच. भवानी मंडपातून थेट आत शिरायचा मोह टाळा. उत्तरेच्या अंगाने, घाटी दरवाजावरून, बाहेरूनच वळसा घालून महाद्वारात या आणि चपला तिथे ठेवा. चपला पिशवीत घालून आत न्यायचा सल्लाही मला मिळालाय. कृपा करून तो ऐकू नका. सगळ्यांच्या चपला एकाच जागी ठेवताना आपापल्या जोडावर खूण मात्र करा. कोल्हापुरी चपला सगळ्या एकसारख्या दिसतात. माझी डावी अजून साताऱ्यात आहे.

आत फक्त वीस मिनिटं, तीही आवारात. बाहेरच्या भिंतीचे कोन दाखवा. भिंत सरळ जात नाही, चांदणीसारखी आत-बाहेर दुमडत जाते, आणि प्रत्येक दुमडीवर ऊन वेगळं पडतं. सकाळच्या तिरप्या उन्हात ते असं दिसतं की शब्द लागत नाहीत. भिंतीवरच्या मूर्तींतल्या दोनच निवडा, दहा नको.

बाहेर आलात की महाद्वारातच उभं राहून किरणोत्सव सांगा, कारण तो इथूनच कळतो. देऊळ पश्चिमाभिमुख. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं याच दारातून आत जातात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ढग आले, हवेत धूळ असली, वाटेत एखादं बांधकाम उंच झालं की किरणं अलीकडेच अडतात. एकदा एका मैत्रिणीने विचारलं, नोव्हेंबर आणि जानेवारी, दोनदाच का? मला उत्तर येईना. घरी येऊन कालनिर्णय घेऊन बसले. 22 डिसेंबरच्या सुमाराला सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो. तिकडे जाताना तो एका ठरावीक जागी मावळतो आणि परत येताना पुन्हा त्याच जागी. दोन्ही तारखा 22 डिसेंबरपासून अलीकडे-पलीकडे साधारण सहा-सहा आठवडे. हे सांगताना लोकांना देवळाकडे तोंड करून उभं करा. सकाळचं ऊन समोरून डोळ्यांत येतं. मग म्हणा, आता मागे वळा, त्या दिवसांत तो तिकडून येतो. मोबाईलवरच्या दहा चित्रांपेक्षा हे एक वळणं जास्त समजावतं.

महाद्वार रोडवरून दक्षिणेला निघा. शटरं खाली असतात तेव्हाच वरच्या मजल्यांकडे लक्ष जातं. बिनखांबी गणेश, आत खांब नाही म्हणून हे नाव. तिथून मिरजकर तिकटीवरून खासबाग.

खासबागेत मात्र पायऱ्यांवर बसा. शाहू महाराज 1902 मध्ये युरोपात गेले होते. रोमचं ते जुनं गोल क्रीडागार बघून कुस्तीसाठी तसं मैदान करायचं त्यांनी मनावर घेतलं असं सांगतात. 1912 मध्ये मैदान सुरू झालं. मधे हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळे मागच्यालाही पकड दिसते. एकाला खाली हौद्याच्या बाजूला उभं करा आणि बाकीच्यांना सगळ्यात वर पाठवा, मग सांगावं लागत नाही. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. 1915 चं, मूळचं पॅलेस थिएटर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री त्याला आग लागली. दुसऱ्याच दिवशी, 9 ऑगस्टला, गायक-नट केशवरावांची जयंती होती. इथे मी फार बोलत नाही. गावातल्या प्रत्येकाची त्या नाट्यगृहातली एखादी आठवण असते, ती त्यालाच सांगू द्यावी.

आता मिसळीची बैठक. ‘कुठं बसायचं?’ हा प्रश्न रस्त्यात उभं राहून कधीही विचारू नका. दहा माणसं, दहा मतं, अर्धा तास गेला. जागा तुम्ही आधीच ठरवा, खासबागेपासून चालत जाता येईल अशी, आणि रविवार असेल तर एकाला दहा मिनिटं आधी पुढे पाठवून टेबलं जोडून घ्या. मिसळ ब्रेडबरोबर येईल, पाव मागून दुकानदाराला कोड्यात टाकू नका. तिखट झेपत नसेल त्याने कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागवावा. ज्याला झेपतं त्याला सांगायची गरज नाही, तो जादा कट म्हणून ओरडतोच.

ताटली समोर आली की तुमचं गाईडपण संपलं. हे मला शिकायला वेळ लागला. सुरुवातीला मी मिसळ खातानाही सनावळ्या सांगत बसायची, लोक मान डोलवायचे आणि चमच्याकडे बघायचे. एकदा घसा बसला म्हणून गप्प राहिले, तर मंगळवार पेठेतल्या एका मित्राने आजोबांचा हात धरून बघितलेल्या पहिल्या कुस्तीचं सांगायला सुरुवात केली. मग दुसऱ्याने तालमीचं, तिसरीने आईच्या गळ्यातल्या कोल्हापुरी साजाचं. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. तेव्हापासून मी फक्त बिलाकडे लक्ष ठेवते. बिल एकाने द्यायचं, हिशोब ग्रुपवर, टेबलावर नाही.

संध्याकाळपर्यंत कुणी थांबलंच तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्या. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर फेस. पिशवीच्या दुधावर वाढलेल्यांसाठी पहिल्यांदा अर्धाच ग्लास मागवा.