दहावी-बारावीच्या मुलांचं लेखन सुधारताना या चुका टाळा

दहावीच्या मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका ८० गुणांची, त्यातले २४ गुण उपयोजित लेखनाला. पत्र, बातमी, जाहिरात, कथा, निबंध सगळं त्यात आलं. त्यामुळे लेखनाची तयारी म्हणजे गाइडमधले निबंध पाठ करणं, असं घरोघरी ठरून गेलंय. गुण मिळतातही. पुढे अकरावीला सायन्स आणि जोडीला 'नीट' किंवा 'सीईटी' या प्रवेश परीक्षांचा क्लास. तिथे बहुपर्यायी प्रश्न. नीटला गोळे रंगवायचे, सीईटीला संगणकावर पर्याय निवडायचा. दोन वर्षं सलग चार परिच्छेद स्वतःच्या मनाने लिहायची वेळच येत नाही. मग डिग्रीच्या पहिल्या वर्षी प्रोजेक्टचा अहवाल लिहायला सांगतात आणि मूल कोऱ्या पानाकडे बघत बसतं.

मधल्या या वर्षांत पालक आणि शिक्षक मनापासून कष्ट घेतात. पण काही सवयींमुळे ते वाया जातात.

आधी लाल पेन उचलणं

सगळ्यात जास्त नुकसान या सवयीनेच होतं. मूल लिहून आणतं आणि आपण पहिल्या ओळीपासून ऱ्हस्व-दीर्घाभोवती गोल काढत सुटतो. पुढच्या वेळी ते मूल अवघड शब्द टाळतं, वाक्यं आखूड करतं, खात्रीचं तेवढंच लिहितं. चुका कमी झाल्या म्हणून आपण खूश होतो, पण लिहिणंच आटलेलं असतं.

पहिल्यांदा वाचताना पेन बाजूला ठेवा. वाचून झालं की दोनच गोष्टी सांगा: कोणत्या ओळीला डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं आणि कुठे काही कळलं नाही. या वयाच्या मुलांचे पेपर तपासणारे भरपूर असतात, पण त्यांचं लिहिलेलं उत्सुकतेने वाचणारं सहसा कोणी नसतं. ती जागा तुम्ही घ्या.

शुद्धलेखन त्यानंतर, तेही एका वेळी एकच गोष्ट. या आठवड्यात फक्त 'आणि', 'परंतु' ऱ्हस्व आणि 'की' दीर्घ. पुढच्या आठवड्यात 'केले' आणि 'केलं' यांची सरमिसळ. दोन्ही रूपं आपापल्या जागी बरोबर. पण एका वाक्यात 'त्याने सांगितले' आणि पुढच्यात 'मी पाहिलं' आलं की वाचणारा अडखळतो. मोठ्याने वाचायला लावलं तर ही अडखळ मुलाला स्वतःलाच सापडते.

भलामोठा विषय देणं

'पर्यावरण: काळाची गरज' असा विषय दिला की पहिली ओळ ठरलेली: 'आजच्या धावपळीच्या युगात...' यात मुलाचा दोष नाही. एवढ्या मोठ्या विषयावर त्याच्याजवळ स्वतःचं असं सांगण्यासारखं काहीच नसतं.

एका विद्यार्थिनीने किराणा दुकान चालवणाऱ्या आजोबांवर लिहिलं होतं: 'माझे आजोबा खूप कष्टाळू आहेत. ते सर्वांशी प्रेमाने वागतात.' मी विचारलं, सकाळी दुकानात गेल्यावर ते आधी काय करतात? ती भडाभडा बोलायला लागली. शटर अर्धंच वर करून वाकून आत शिरतात, उदबत्ती लावतात, मग उधारीची वही उघडून बसतात. पण ज्यांची उधारी जुनी आहे त्या काकू समोर आल्या की वही हळूच मिटून ठेवतात. म्हटलं, हेच लिही. तिने लिहिलं, आणि 'प्रेमाने वागतात' हे वाक्य तिने स्वतःच खोडलं.

म्हणून लिहायला बसण्याआधी पाच-दहा मिनिटं बोलतं करा. कधी, कुठे, कोण होतं, मग काय झालं, एवढंच विचारत राहा. 'तीन ओळींतच संपलं', 'काही सुचत नाही' या तक्रारींवर याहून चांगला उपाय मला तरी माहीत नाही.

पहिल्या खर्ड्यातच शुद्ध मराठीचा आग्रह

इंग्रजी माध्यमाची मुलं 'मला इरिटेट झालं' असं लिहितात. लिहू द्या. दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी विचारा: वैताग आला, चिडचिड झाली की डोकं उठलं? तिन्हींत छटेचा फरक आहे. त्या दिवशी नेमकं काय वाटलं होतं हे आठवून एक शब्द निवडणं, यात मुलाची भाषा खरी वाढते.

आयतं लिहून देणं

वक्तृत्वाचं भाषण आईने लिहायचं किंवा प्रोजेक्टची प्रस्तावना चॅटजीपीटीने, दोन्हींचा परिणाम सारखाच. मदत घ्यायचीच असेल तर स्वतःचा खर्डा झाल्यावर घ्या आणि प्रत्येक बदल का स्वीकारला ते मुलाला तोंडी सांगायला लावा. सांगता आलं नाही, तर त्याचं मूळ वाक्य परत ठेवा.

लिहिलेलं दाखवतच नसेल तर

डायरी उघडून वाचू नका. विश्वास गेला की लिहिणंही जातं. त्यापेक्षा घरातलं खरं लेखन त्याच्याकडे सोपवा. सोसायटीला पाण्याच्या वेळेबद्दल पत्र, ग्रामपंचायतीला बंद पडलेल्या दिव्याबद्दल अर्ज, कॉलेजला प्रवेशाबद्दल विचारणारा ईमेल. उत्तर आलं नाही, तर दोघांनी मिळून ते पुन्हा वाचा: मागणी पहिल्या दोन ओळींत आहे का? दिवा कोणत्या खांबावरचा, किती दिवसांपासून बंद, हे लिहिलंय का? मग स्मरणपत्रही त्यालाच लिहू द्या.