आहार शिकवायचा तो ताटापाशी: नव्याने रुजू झालेल्या प्राथमिक शिक्षकांसाठी

नव्या शिक्षणसेवकांना आहाराचा पाठ सोपा वाटतो. पुस्तकात चित्रं आहेत. प्रथिनं, कर्बोदकं, जीवनसत्त्वं पाठ करून घेतली की मुलं परीक्षेत बरोबर उत्तरं लिहितात. पण तीच मुलं मधल्या सुट्टीत खिचडीतला मटकीचा दाणा न् दाणा वेचून ताटाच्या कडेला लावतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतकी वर्षं शिकवल्यावर माझं ठाम मत आहे की हा विषय फळ्यावर सुरू करायचाच नाही. आधी हाताला, मग जिभेला, आणि सगळ्यात शेवटी वहीत.

त्यासाठी सगळ्यात मोठं साधन रोज शाळेतच शिजतं. पोषण आहाराच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ-कडधान्य आणि 50 ग्रॅम भाजी मिळायला हवी. म्हणजे साधारण 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. हे आकडे पाठ ठेवा आणि तिसरी-चौथीच्या मुलांकडून वजनकाट्यावर मोजून घ्या. 20 ग्रॅम डाळ हातावर घेतली की मुलांना कळतं, आपल्या वाट्याचं किती असतं ते. चव रजिस्टरवर सही करायची म्हणून चमचाभर चाखू नका. मुलांच्या पंगतीत बसून जेवा. बाई दोडका खातात हे दिसलं की निम्मं काम होतं.

पहिला उपक्रम मटकीचा करा. मूठभर मटकी मुलांसमोर धुऊन रात्रभर भिजत घाला, सकाळी ओल्या फडक्यात घट्ट बांधा आणि पुरचुंडी वर्गातच टांगा. येता-जाता मुलं ती चाचपून बघतात. दुसऱ्या दिवशी फडकं सोडलं की पांढरे मोड कापडातून आरपार आलेले असतात, ते सोडवताना मुलं श्वास रोखून बसतात. ती मटकी कच्ची मात्र देऊ नका. उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात, म्हणून चांगली वाफवून घ्या. मग कांदा, मीठ आणि वरून लिंबू. लिंबू का, हे त्याच वेळी सांगा: त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. एरवी मटकी बाजूला सारणारं मूलही आपण बांधलेल्या पुरचुंडीतली खातं. नाहीच खाल्ली तर आग्रह धरू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. नवी चव बऱ्याच मुलांना पुन्हा पुन्हा समोर आल्यावरच रुचते. परसबागेचंही तसंच. जागा थोडी असेल तर आधी शेवगा आणि तांदुळजा लावा. दोन्हींना फारशी देखभाल लागत नाही आणि पाला लवकर खुडायला येतो.

चौथी-पाचवीला साखरेचं गणित द्या. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीवरचा तक्ता मुलांनाच वाचू द्या. कोलामध्ये 100 मिलीला साधारण 11 ग्रॅम साखर असते. म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत 27 ग्रॅमच्या वर, आणि चहाच्या चमच्यात 4 ग्रॅम धरली तर जवळजवळ सात चमचे. एकेक चमचा काचेच्या ग्लासात टाकायला लावा, वर्गाला मोठ्याने मोजू द्या. पुड्यावर जो घटक आधी लिहिलेला तो वजनाने जास्त, हेही शिकवा. शाळेच्या आवारापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला बंदी आहे, हा नियम 2020चा आहे. फाटकासमोरच्या दुकानदाराशी भांडू नका. शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या आणि शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू ठेवायला सुचवा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. कोणाच्याही डब्याला सर्वांसमोर वाईट म्हणू नका. किराणा मूल भरत नाही. आई-बाप ऊसतोडीला गेलेलं, आजीकडे राहणारं मूल पाच रुपयांचा पुडा आणतं, कारण सकाळी चूल पेटवायला घरात कोणी नसतं. आणि बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणणारी मुलगी डबा लपवत असेल तर तिच्या शेजारी जाऊन बसा. धान्याला शेंगदाण्याची जोड म्हणजे प्रथिनांची चांगली सोय, हे वर्गाला तिच्या डब्यावरूनच सांगा. अंडं खाणारी आणि न खाणारी, दोन्ही घरं वर्गात असतात. कोणालाही दुसऱ्याच्या ताटाला नाक मुरडू देऊ नका.

वजन-उंची घेताना आकडा मोठ्याने वाचू नका. ‘जाड्या’, ‘काडी’ ही नावं अशाच रांगेत पडतात आणि दहावीपर्यंत चिकटून राहतात.

लोहाच्या गोळ्या आठवड्यातून एकदा असतात, लहानांना गुलाबी आणि दहा वर्षांवरच्यांना निळी. त्या जेवणानंतर द्या, उपाशीपोटी नको. चहाबरोबर तर नकोच, लोह शोषलं जात नाही. शौचाला काळी होऊ शकते, हे पालकसभेत आधीच सांगा, नाहीतर घाबरून दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या बंद होतात. एखाद्या मुलाच्या पापण्यांची आतली बाजू फिकट दिसली, खेळताना ते लगेच दमत असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येईल त्या दिवसासाठी नाव टिपून ठेवा. पथक यायला वेळ असेल तर आशाताईंना सांगून पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा, आणि पुढच्या आठवड्यात ते गेले होते का, हे विचारा.