रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत काहीतरी होतंय? आधी नोंद ठेवा

ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट सगळं नॉर्मल, तरी छातीत मध्येच टोचतं, फडफडतं, ठोका चुकल्यासारखा वाटतो. आणखी एक टेस्ट करण्याआधी झालेल्या टेस्टमध्ये नेमकं काय तपासलं गेलं ते बघा. साधा ईसीजी जेमतेम 10 सेकंदांचा असतो; तेवढ्यात ठोका चुकला नाही तर तो कागदावर येणार कुठून? इकोत झडपा आणि पंपिंग दिसतं, रक्तवाहिनीतला अडथळा थेट दिसत नाही. आणि त्रास आठवड्यातून एकदाच होत असेल, तर 24 तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणाऱ्या छोट्या यंत्रात) बहुधा काही सापडत नाही. तेव्हा छातीवर चिकटवून एक-दोन आठवडे ठेवायच्या ईसीजी पॅचबद्दल डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट मात्र पक्की. छाती आवळल्यासारखी होऊन पाच-दहा मिनिटांत थांबली नाही, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत गेली, दरदरून घाम, दम किंवा भोवळ आली, तर रिपोर्ट कालचाच असला तरी लगेच इमर्जन्सीत जायचं. चालताना, जिना चढताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणंही घरी तपासत बसायचं नाही. अँजिओग्राफी साफ असली तरी बारीक रक्तवाहिन्यांचा दोष तिच्यात दिसत नाही.

बाकीच्यांनी दोन आठवडे वही ठेवावी. त्रास झाला की तेव्हाच लिहा: वेळ, किती सेकंद किंवा मिनिटं, बसला होता की आडवे होता, जेवून किती वेळ झाला होता, बोटाने जागा दाखवता येते की अख्खी छाती. मग नाडी बघा. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटं ठेवा, 30 सेकंद मोजून दुप्पट करा. नुसत्या आकड्यावर थांबू नका. लय एकसारखी होती, मध्येच एखादा ठोका गळला की सगळीच विस्कटली होती, हे जास्त कामाचं. ईसीजी घेणारं घड्याळ असेल तर त्याच क्षणी 30 सेकंदांची पट्टी घ्या. ती लयीबद्दल सांगते. हार्ट अटॅक नाही याची खात्री देत नाही.

‘ठोका चुकला’ असं वाटतं तेव्हा बहुतेकदा एक ठोका वेळेआधी पडलेला असतो. त्यानंतर किंचित लांब थांबा येतो, तेवढ्यात हृदयात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका धाडकन जाणवतो. डाव्या कुशीवर झोपल्यावर हे जास्त कळतं. कमी झोप, दारू आणि काहींना कॉफी यांनी ते वाढतं.

उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) कडेला, बरगडी जुळते तिथे, बोटाने दाबून बघा. नेमकं तेच दुखणं उठलं तर कूर्चा (तिथलं लवचिक, मऊ हाड) किंवा स्नायू सुजल्याचा संशय घ्यावा, पण एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाही. आणि दाबून एकदाच बघायचं! दिवसातून वीसदा दाबलं तर जागा दुखरीच राहते. दिवसभर नाडी धरून बसण्याचंही तेच: लक्ष जितकं छातीकडे, तितकं जास्त जाणवतं.

जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर जळजळत असेल तर रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरका आणि पलंगाचे डोक्याकडचे पाय 15 ते 20 सेंटीमीटर उचला. उशांची चळत नको, त्याने पोट दुमडून दाब उलट वाढतो. हातातोंडाला मुंग्या येऊन धडधडत असेल तर भराभर श्वास घेतला जातोय का ते बघा. नाकाने 4 सेकंद आत, 6 सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं करा. श्वास खोल नको, सावकाश हवा. खोल श्वास भराभर घेतले तर मुंग्या वाढतात.

डॉक्टरांकडे जाताना वही, पट्ट्या आणि चालू औषधांची यादी न्या. सर्दीच्या गोळ्या आणि दम्याचा पंपही त्यात लिहा, कारण धडधड त्यानेही होते. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि पोटॅशियम तपासलं नसेल तर विचारा. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते न विचारताच सांगा.