होमरच्या पात्रांची भाषणं वाचताना या चुका टाळा

प्राचीन ग्रीक कवी होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य 'इलियड' हौसेनं वाचायला घेणारे बरेच जण नवव्या सर्गात दमतात. लढाई थांबलेली, माणसं नुसती बोलताहेत. मग पानं भराभर उलटली जातात. पण या काव्याचा जवळजवळ निम्मा भाग पात्रांच्याच तोंडी आहे, त्याच्याच 'ओडिसी'त तर निम्म्याहून बराच जास्त. भाषणं गाळली तर हाती भाले आणि प्रेतंच उरतात.

"हे तर मघाशीच वाचलं" म्हणून पुनरुक्ती गाळणं मात्र जास्त महागात पडतं. होमरचा निरोप्या निरोप सहसा शब्दशः सांगतो. म्हणूनच एखादी ओळ गळली की कान टवकारायचे. रुसून लढाई सोडलेल्या अकिलीस या ग्रीक वीराला परत आणायला ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन भेटी कबूल करतो : सात तिवया, दहा टॅलंट (वजनाचं एक माप) सोनं, वीस हंडे, बारा घोडे आणि बरंच काही. शेवटी मात्र ठसक्यात म्हणतो, त्यानं माझ्यापुढे नमावं, मी त्याच्याहून मोठा राजा. निरोप घेऊन गेलेल्यांपैकी ओडिसियस अकिलीसपुढे यादी जवळपास जशीच्या तशी म्हणतो आणि हे शेपूट गुपचूप कापतो. अकिलीसला ते कळायचं काही कारण नाही. तरी तो सुरुवातीलाच सुनावतो : मनात एक आणि ओठांवर दुसरं असणारा माणूस मला हेडीसच्या, म्हणजे मृत्युलोकाच्या, दाराइतका नकोसा वाटतो!

लांबीवरून वजन ठरवू नका. ओडिसियससोबत गेलेल्यांपैकी म्हातारा फिनिक्स जवळपास 170 ओळी बोलतो, एजॅक्स विसेकच, त्याही आधी ओडिसियसला उद्देशून : चल, इथं काही व्हायचं नाही. अकिलीसची उत्तरं ओळीनं लावून पाहा. ओडिसियसला तो म्हणतो, उद्या जहाजं हाकारतो. फिनिक्सला, सकाळी ठरवू. एजॅक्सला, ट्रॉयचा हेक्टर माझ्या जहाजांपर्यंत येईस्तोवर लढणार नाही. जाण्याची भाषाच संपली! आणि छावणीत परतल्यावर ओडिसियस सांगतो फक्त पहिलं उत्तर. लबाड खराच.

"अमक्याला उत्तर देत तमका म्हणाला" या ठरीव ओळींना भरताड समजू नका. ऐकणाऱ्याला अवतरणचिन्हं दिसत नाहीत. आपल्याकडे 'संजय उवाच' करतं तेच काम त्या करतात.

पात्राचं बोलणं होमरचं मत म्हणूनही उचलू नये. दुसऱ्या सर्गात अगामेम्नॉन सैन्याची परीक्षा घ्यायला "चला घरी" म्हणतो आणि सैन्य खरंच जहाजांकडे धावत सुटतं. कोण, कुणाला, कशासाठी बोलतोय, हे आधी पाहा.

चोविसाव्या सर्गात ट्रॉयचा राजा प्रायम आपल्या मुलाचं, हेक्टरचं, प्रेत मागायला त्याला मारणाऱ्या अकिलीसकडे जातो. हर्मिस देव त्याला शिकवून पाठवतो : अकिलीसला बापाची, आईची, मुलाची आण घाल. प्रायम आई आणि मुलगा सोडून देतो. "तुझा बाप आठव," एवढ्यापासून सुरू करतो आणि थांबतो ते पोराला मारणाऱ्याचा हात आपण ओठांना लावला, या शब्दांवर. अकिलीस त्याला हळूच बाजूला सारतो. मग दोघंही रडतात, आपापल्या माणसांसाठी.